सरकारी विम्याची औषधं विकणारे पैसे भरून सुटता कामा नयेत

महोदय,

ईएसआय या कामगारांच्या सरकारी विमा योजनेतली, 'ईएसआय सप्लाय, विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली गोळ्यांची स्ट्रिप कामगारांच्या घरात सगळ्यांनी बघितलेली असते, पण हाच माल एखाद्या मेडिकल दुकानात सापडला तर दुकानदाराचं पुढे काय होतं हे फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून हे पत्र. मी स्वतः फार्मासिस्ट आहे आणि या विषयावर आमच्याच लोकांनी आधी बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नियम एकदम क्लिअर आहे. १९४५ च्या औषध नियमांमध्ये ६५ (१८) म्हणून एक पोटनियम आहे, त्यात ईएसआय, सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना), लष्कराचे मेडिकल स्टोअर्स आणि इतर सरकारी संस्थांसाठी असलेली, तसा शिक्का मारलेली औषधं लायसन्सधारकाने विकायची नाहीत आणि दुकानात ठेवायचीही नाहीत असं लिहिलंय. म्हणजे विकलं नव्हतं, नुसतं पडून होतं, ही सबब चालत नाही. आता शिक्षा बघा. औषध कायद्यात या गुन्ह्याला वेगळं कलमच नाही, तो जातो २७ (डी) या सर्वसाधारण कलमात, जिथे किमान १ वर्ष, जास्तीत जास्त २ वर्षं कैद आणि कमीत कमी २०,००० रुपये दंड आहे. त्यात २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हे कलम कंपाउंडेबल केलं, म्हणजे ठरलेली रक्कम भरून प्रकरण मिटवता येतं, खटलाच उभा राहत नाही. आणि याच कायद्यात लायसन्स नसताना औषध विकलं तर किमान ३ आणि कमाल ५ वर्षं कैद, वर १ लाख रुपये किंवा जप्त मालाच्या तिप्पट किंमत यातलं जे जास्त असेल तेवढा तरी दंड आहे. म्हणजे तीच चोरीची स्ट्रिप बिनलायसन्सवाल्याने विकली तर तो आत जाणार आणि ज्याच्यावर सरकारने भरवसा ठेवून लायसन्स दिलं तो पैसे भरून मोकळा! हे मला अजिबात पटत नाही, कारण सरकारी औषध स्टोअरमधून बॉक्स चोरून बाहेर काढणाऱ्याला गिऱ्हाईक मिळतं ते लायसन्सवाल्या दुकानातच, तिथे बिल बनतं, तिथे माल नेहमीच्या मालात मिसळतो, ते दुकान बंद झालं की चोराला तो माल खपवणं अवघड होतं.

स्टोअरमधला माल बाहेर काढणाऱ्या आतल्या माणसासाठी कायदा कडक आहे हे मान्य. सरकारी नोकराने ताब्यातल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या ३१६ (५) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. तो माल विकत घेणाऱ्या दुकानदारावर मात्र चोरीचा माल बाळगल्याचं कलम लावलं तर ३ वर्षांपर्यंत, आणि तेही माल चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं किंवा कळायला हवं होतं हे सिद्ध करावं लागतं. शिक्का जागेवर असेल तर ते सोपं आहे पण शिक्का पुसलेला असेल तर कठीण, आणि पुसताना बरेचदा बॅच नंबर आणि एक्स्पायरीही जाते. पेशंटच्या दृष्टीने हे सगळ्यात वाईट. एखादी बॅच खराब निघाली आणि कंपनीने परत मागवली तरी ती पुसलेली स्ट्रिप कुणालाच सापडणार नाही. इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, पिशवीतून चोरून आणलेली व्हायल किती तास उन्हात होती हे विकणाराही सांगू शकत नाही आणि घेणारा मात्र पूर्ण विश्वासाने टोचून घेतो.

आणि हा पैसा कुणाचा? १८,००० रुपये पगाराच्या कामगाराचे ईएसआयसाठी महिन्याला ०.७५ टक्क्याने १३५ रुपये कापले जातात, मालक ३.२५ टक्क्याने ५८५ भरतो. एवढं भरून तो दवाखान्यात गेला की गोळी शिल्लक नाही बाहेरून घ्या असं ऐकायचं, आणि ती गोळी बाहेर दुकानात असायची, याचा मला खरंच राग येतो.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, उरलेल्या चार गोळ्या शेजाऱ्याला देणाऱ्या म्हाताऱ्या पेशंटला गुन्हेगार करू नका. न लागलेली औषधं परत घ्यायची सोय दवाखान्यातच करा. नियमितपणे जास्तीची औषधं उचलून विकणारा वेगळा, त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी, पण कारवाईचा मुख्य भर असा माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यावर हवा.

त्यासाठी ६५ (१८) च्या उल्लंघनाला कायद्यात स्वतंत्र कलम करा, ते कंपाउंडिंगमधून बाहेर काढा, शिक्षा निदान बिनलायसन्स विक्रीएवढी ठेवा आणि मालाची किंमत त्या विमा निधीत परत जमा करायला लावा. ऑगस्ट २०२३ पासून ३०० मोठ्या ब्रँड्सच्या पॅकवर क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तसाच कोड सरकारी पुरवठ्याच्या प्रत्येक स्ट्रिपवर छापला तर शिक्का पुसायचा प्रकार बराच कमी होईल.

तोपर्यंत आपल्या वृत्तपत्राने एक करावं, दरवर्षी किती दुकानांत असा माल सापडला, किती लायसन्स रद्द झाली आणि किती प्रकरणं पैसे भरून मिटली याची माहिती अन्न व औषध प्रशासनाकडे मागावी आणि जिल्हावार छापावी.

आपला,
एक फार्मासिस्ट वाचक