वर्गात अख्खे पुस्तक वाचले जावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनानिमित्त शाळाशाळांच्या पटांगणात मुले हाती पुस्तक घेऊन तासभर बसतात, त्याची छायाचित्रे वरिष्ठ कार्यालयाकडे जातात आणि दुसऱ्या दिवशी पुस्तके कपाटात परततात. मराठी शिकवणारी शिक्षिका म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की, सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गात वर्षाला निदान एक बालकादंबरी किंवा कादंबरीसारखे सलग पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तासिकेतच वाचले जावे. पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्यात पात्राची ओळख होते न होते तोच स्वाध्याय सुरू होतो. एखाद्या माणसाच्या सहवासात महिनोन्महिने राहावे आणि त्याच्याविषयीचे आपले मत हळूहळू बदलत जावे, हा अनुभव उताऱ्यातून मिळणे शक्य नाही.

उदाहरण म्हणून साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ घेते. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली बहुतांशी लिहिले गेलेले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेले हे पुस्तक ‘रात्रीं’मध्ये, म्हणजे प्रकरणांमध्ये, विभागलेले आहे; सायंप्रार्थनेनंतर श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज एक आठवण सांगतो. त्याची घडणच ऐकण्यासाठी झाली आहे, आणि बहुतेक रात्री एका तासिकेत वाचून होतात. वाचन मात्र शिक्षकाने स्वतः, मोठ्याने करावे. मुलांकडून आळीपाळीने परिच्छेद वाचून घेण्याची पद्धत रूढ असली तरी तीत प्रत्येकाचे लक्ष आपली पाळी कधी येते याकडे लागलेले असते आणि अडखळणाऱ्या मुलाला सर्वांसमोर खाली मान घालावी लागते. मुलांचे प्रकटवाचन हवेच, पण ते आधी तयारी करून, जोडीजोडीने, संवादांपुरते असावे.

लेखनाचे काम त्या वाचनातूनच निघाले पाहिजे. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील आणि मुले काही न बोलता जेवून उठतात आणि आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला ते कळते, हा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. ‘वडिलांनी काय केले?’ असे विचारले तर एका ओळीचे उत्तर येते आणि ते मार्गदर्शिकेतही मिळते. तोच प्रसंग वडिलांच्या तोंडून लिहायला सांगितला की मुलांना थांबून विचार करावा लागतो: पहिल्या घासाला त्यांच्या ओठांवर काय आले असेल, मुलांकडे त्यांनी कसे पाहिले असेल, गप्प राहणे हे खोटे बोलणे ठरते का? ‘पत्रावळ’ ही रात्र वाचून झाल्यावर पानाला पान टाचण्याची कृती एकाने लिहावी आणि दुसऱ्याने केवळ ते लेखन वाचून पत्रावळ लावून पाहावी. कुठली पायरी लिहायची राहिली हे लाल शाईशिवाय कळते.

या पुस्तकातल्या अवघड जागा वगळू नयेत, असे मला फार वाटते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून पाठवते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे तो २०१० मध्ये लागू झाल्यापासून, शाळेत मुलांना मारण्यास बंदी आहे हे आजच्या मुलांना माहीत असते आणि ती विचारतातच, की मग ही आई चांगली कशी? दुसऱ्या एका प्रकरणात आई श्यामला एका दलित वृद्धेची लाकडांची मोळी उचलून द्यायला सांगते आणि नंतर घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. माणुसकी आणि विटाळाची समजूत एकाच घरात, एकाच वाक्यात कशी नांदत होती, हे इतिहासाच्या धड्यापेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसते. शिक्षकाने ‘त्या काळी तसेच होते’ म्हणून पान उलटू नये. मुलांना त्या वृद्धेच्या बाजूने चार ओळी लिहू द्याव्यात आणि त्या वर्गात वाचू द्याव्यात.

एक गोष्ट मात्र टाळावी. हे पुस्तक संपले की ‘माझी आई’ हा निबंध हमखास दिला जातो. आमच्या भागातल्या अनेक मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. काहींना आई नसतेच. त्यापेक्षा ‘मला एखादी गोष्ट कोणी आणि कशी शिकवली’ असा विषय द्यावा, म्हणजे आजी, थोरली बहीण, शेजारची काकू, सगळ्यांना जागा मिळते.

यासाठी नवे परिपत्रक लागत नाही. आठवीपर्यंतच्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातल्या कामावरून होणाऱ्या मूल्यमापनात, अशा उपक्रमांना वाव आहेच. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून दोन तासिका या वाचनाला ठरवून द्याव्यात आणि मुलांची वाचनवही हीच त्याची नोंद मानावी. प्रतींची अडचणही मोठी नाही. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले, त्यामुळे साठ वर्षांची मुदत संपून २०११ पासून त्यांचे लेखन स्वामित्वहक्कातून मुक्त आहे आणि वर्गासाठी त्यातली प्रकरणे छापून घेता येतात. आपल्या वृत्तपत्राच्या बालपुरवणीत अशा वर्गांतील मुलांच्या लेखनासाठी महिन्यातून एकदा अर्धे पान राखून ठेवावे, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक मराठी विषय शिक्षिका,
बीड जिल्हा