सईच्या फोटोचं पेंटिंग आणि तुझ्या तीन अटी

प्रिय सुधीर,

तुझा मेसेज वाचला, पण त्याचं उत्तर व्हॉट्सॲपवर दोन ओळीत द्यावं असं वाटलं नाही, म्हणून दुकानाचं शटर ओढून निवांत लिहायला बसलोय, लांबलं तर लांबू दे. तुझ्या लेकीच्या, सईच्या फोटोचं डिजिटल पेंटिंग करून गावाकडच्या घरी काकूंच्या खोलीत लावायचं म्हणालास, हे ऐकूनच लई बरं वाटलं. पण खाली जे लिहिलंस ना, "थोडी गोरी कर, पडलेला दात लावून टाक, भुवईवरची खूण घालव", त्यावर आधी बोलू. पेंटिंग मी करणारच, पैशाचं तर नावच काढू नको. फक्त ह्या तिन्हीतलं एकही मी करणार नाही. का ते सांगतो, मग तुला पटतं का बघ.

आधी रंगाचं. परभणीत काय आणि नांदेडला काय, लेकराचा फोटो घेऊन आलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा हेच म्हणतं, जरा गोरं करा. आईबाप समोर खुर्चीवर, लेकरू शेजारी उभं राहून ऐकत असतं, आणि ते एवढंसं लेकरू तिथंच शिकतं की आपल्यात काहीतरी दुरुस्त करायचं आहे. मला हे सहन होत नाही रे. सईचा रंग काकूंचा आहे, तोच सावळा, तोच तकतकीत. काकूंच्याच खोलीत त्यांच्या नातीचा रंग धुऊन लावायचा का आपण?

आणि हे नुसतं मनाचं नाही, कामाचंही आहे. चेहऱ्याला गोलाई येते ती सावलीमुळं. नाकाची एक बाजू, खालच्या ओठाखालचा खोलगट भाग, डोळ्याची खोबण, गालाच्या खाली, इथं जो तपकिरी तांबूस रंग असतो त्याच्यावरच नाक नाकासारखं दिसतं. तू सगळा चेहरा उजळ केलास की सावलीपण उजळते, नाक सपाट होतं, मग काय करतात, वरून नाकाची रेघ ओढतात, ओठाला गुलाबी फासतात, डोळ्यात दोन पांढरे ठिपके टाकतात आणि झालं पेंटिंग. सावळ्या कातडीवर उजेड किती छान बसतो माहितीये का, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर तो ठळक उमटतो, बाहेरचा फोटो असेल तर त्यात आभाळाचा निळसरपणा असतो, गालावर तांब्याची झाक, हनुवटीखाली फ्रॉकचा रंग उसळून आलेला, आणि मागून ऊन असेल तर कानाची पाळी लालभडक, कारण पातळ कातडीतून, आतल्या रक्तातून उजेड आरपार येतो. हे सगळं रंगवायला मिळणं हेच तर माझं सुख आहे, आणि गोरं करायचं म्हणजे नेमकं हेच पुसायचं.

शाळेच्या सहलीत अजिंठ्याला गेलो होतो आठवतं का? तेव्हा आपलं सगळं लक्ष बसमधल्या भेंड्यांवर. हे काम करायला लागल्यावर मी परत गेलो. पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या आसपास सावळ्या, अगदी काळ्यासावळ्या आकृत्या आहेत, दागिन्यांनी मढलेल्या, राजघराण्यातल्या, आणि त्यांना उजळ करावं असं त्या चित्रकारांना वाटलं नाही. नाक, हनुवटी उठून दिसावी म्हणून तेवढ्याच जागी फिका हात मारलाय. सतराव्या लेण्यात तर माझे पायच हलेनात. बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभा आहे, केवढा तरी उंच काढलाय, आणि त्याच्यासमोर त्याची बायको यशोधरा आणि लेक राहुल, एवढीशी दोघं. ते लेकरू मान वर करून बापाकडं बघतंय. पाचव्या शतकातलं काम आहे, रंग कुठं कुठं उडालेत, पण त्या मानेच्या कलण्यातच सगळं लेकरूपण आहे. आपल्या मराठवाड्याच्या मातीत हे असताना मी सईला फिल्टर मारून गोरी करू?

आता दात. सहाव्या वर्षी पुढचे दुधाचे दात पडायला लागतात, काही महिन्यात नवे येतात, कडेला बारीक करवती असलेले, आणि मग तो खिंडारातून जीभ बाहेर काढून हसणारा चेहरा जन्मात परत येत नाही. तू मला तेच बुजवायला सांगतोयस! फोटोत ती हसताना जीभ त्या फटीला लावतीये, वरचा ओठ एका बाजूनं जरा जास्त उचललाय, आणि त्यामुळं डावा गाल वर चढून डोळा बारीक झालाय. दात भरला की ओठ तसा उचलायचं कारणच उरत नाही, सगळं हसू खोटं पडतं. भुवईवरच्या खुणेचं तर तूच मला फोनवर सांगितलं होतंस, उंबऱ्यावर पडली तेव्हा वहिनी कशा घाबरल्या होत्या ते. तिथं भुवईचे केस थोडे तुटलेत, त्यामुळं ती भुवई जरा प्रश्न विचारल्यासारखी दिसते. ती सई आहे. ती खूण मी ब्रशचे दोनच फटकारे मारून दाखवीन, उगीच ठळक करणार नाही, पण काढणार नाही.

काम कसं करतो ते विचारलंस म्हणून सांगतो. बऱ्याच ठिकाणी काय करतात, फोटोवर स्मज टूल, म्हणजे बोटानं रंग फासल्यासारखं करणारं हत्यार, घेऊन चेहरा घासत बसतात, कातडीचा सगळा पोत जातो, आणि शंभर लेकरं शंभर घरची असली तरी सगळ्यांचे चेहरे मेणाच्या बाहुलीसारखे एकसारखे निघतात. फोटोशॉपच्या २०१२ च्या सीएस सिक्स आवृत्तीत ऑइल पेंट नावाचा फिल्टर आला, त्यानं एका क्लिकमध्ये केसांच्या लाटा लाटा होतात, तो प्रकार तर तू फ्लेक्सवर बघितला असशीलच. मी मिक्सर ब्रश वापरतो, तो २०१० च्या सीएस फाईव्हपासून आहे. खाली मूळ फोटो तसाच, वर रिकामी लेयर, म्हणजे पारदर्शक थर, आणि ब्रशला सांगायचं की खालच्या सगळ्या लेयरमधून रंग उचल. मग तो ओल्या रंगात कुंचला फिरवल्यावर होतं तसं रंगात रंग मिसळत जातो. पेन टॅब, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून पेननं काढायची पाटी, पाहिजे बरं का, माऊसनं हाताचा दाब कळत नाही आणि फटकारा मेल्यागत येतो.

सुरुवातीला मोठा ब्रश, डोळे किलकिले करून बघायचं, उजेड कुठं आणि अंधार कुठं एवढंच, पापणी-बिपणी काही नाही. फटकारे त्या भागाच्या वळणानं जायला पाहिजेत, गालावर गोल, कपाळावर आडवे, नाकावरून खाली. लेकराच्या चेहऱ्याची मापं पण वेगळी असतात. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात, लेकराचे त्याच्या खाली, म्हणून कपाळ एवढं मोठं दिसतं. बुबुळ मात्र लहानपणीच जवळजवळ मोठ्या माणसाएवढं झालेलं असतं, म्हणून डोळे आधीच टपोरे वाटतात, तरी लोक फोटोशॉपच्या लिक्विफाय टूलनं ते अजून ताणतात, कशासाठी देव जाणे. डोळ्याचा पांढरा भाग पांढरा नसतोच, सईचा निळसर करडा आहे, आणि वरच्या पापणीची सावली त्याच्यावर पडलीये. बुबुळातला चमकता ठिपका म्हणजे समोरच्या दाराचं प्रतिबिंब, नीट झूम करून बघ, चौकोनी आहे. तो तसाच चौकोनी ठेवणार, त्यावरूनच बघणाऱ्याला कळतं की लेकरू दाराकडं तोंड करून बसलंय.

केस एकेक काढत बसत नाही. आधी काळा-तपकिरी गठ्ठा, मग तेल लावलंय तिथली चमक, आणि शेवटी कपाळाजवळचे, कानामागचे वेणीत न बसलेले बारीक केस, ते थोडेच पण नीट.

परकर-पोलक्याबद्दल मात्र मला तुझ्यापेक्षा काकूंचं कौतुक वाटतं. स्वतःची जुनी पैठणी फाडून नातीला शिवली, सोपं आहे का ते! त्या कापडात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा आहे, धूपछाव, त्यामुळं एकाच घडीच्या अल्याड जांभळा दिसतो आणि पल्याड तांबडा. ह्या एका गोष्टीवर मी एक संध्याकाळ घालवणार आहे. काठाची सोनेरी जर काढताना धागा धागा मोजायचा नसतो, आधी गडद मोहरी रंग, त्याच्यावर पिवळसर, आणि घडी जिथं वळते तिथंच अगदी फिके चार ठिपके, लांबून बघितलं की जर चमकते. पाठीमागं धबधबा, फुलपाखरं, ढग काही टाकणार नाही. तुमच्या माळवदाच्या घराची ती पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत टाकतो, तिचा उबदार करडा रंग जांभळ्याला उठाव देतो.

वहिनी म्हणत होत्या ना की ॲपमध्ये हे एका मिनिटात होतं. होतं की. २०१६ ला फोटोचं चित्र करणारं प्रिझ्मा ॲप आलं तेव्हापासून होतंय, २०२५ च्या मार्चमध्ये तर सगळ्यांच्या डीपीला तेच जिबली ह्या जपानी स्टुडिओच्या धाटणीचं कार्टून होतं. दिसतं गोड, पण त्यातलं लेकरू आपलं नसतं, दात आपोआप येतात, तीळ जागा बदलतो, रंग तर पहिल्यांदा उडतो. शिवाय लेकराचा फोटो कुठल्या ॲपला देतोय, तो पुढं कुठं जातो, हे बघितल्याशिवाय टाकूच नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. वहिनींना स्वतःला शिकायचं असेल तर क्रिता नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅपटॉपवर टाका, मी फोनवर सांगत जाईन.

फोटोवर रंग चढवणं ही काही आजची फॅशन नाही. तुमच्या बैठकीतला आजोबांचा फेट्यातला फोटो बघ, तो मुळात काळा-पांढरा आहे, फेट्याचा तांबडा, ओठाचा रंग, अंगठीचा पिवळा ठिपका हे सगळं वरून हातानं पातळ रंग देऊन केलेलं आहे. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात, तिथं निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळांसारखा फोटोग्राफर होऊन गेला, फोटो काढायची, तो रंगवायची हौस आपल्याकडं जुनीच. त्या रंगवणाऱ्यानं आजोबांच्या कपाळावरच्या आठ्या तशाच ठेवल्यात, ते मला फार आवडतं.

आता तुझं काम. पाठवलेला फोटो व्हॉट्सॲपनं दाबलाय, झूम केलं की पापण्यांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मूळ फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठव. ती डिलीट झाली असेल तर दुसरा काढ, पण असा काढ: सकाळचं कोवळं ऊन असताना तिला दाराच्या आत, सावलीत, उजेडाकडं तोंड करून बसव. फ्लॅश नको, ब्युटी मोड बंद, पोर्ट्रेट मोडपण बंद कारण तो वेणीचे बारीक केस खातो. तू खाली बस, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या उंचीला धर, आणि चिकटून काढू नको, नाक मोठं येतं, दोन पावलं मागं सरून टू एक्स झूम कर. हस हस म्हणू नको तिला, शाळेतलं काहीतरी विचार आणि ती बोलत असताना काढत राहा.

साईज मी १२ बाय १८ इंच धरतोय, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, ते ३६०० बाय ५४०० पिक्सेल होतं. कॅनव्हासवर घ्यायचं आणि लाकडी फ्रेमवर ताणायचं असेल तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच चित्रातली भिंत जादा रंगवून ठेवावी लागेल, म्हणून आधीच सांग. छापताना आधी छोटा तुकडा काढून बघणार, कारण स्क्रीनपेक्षा प्रिंट गडद येते आणि मग लॅबवाले न विचारता उजळ करतात. तिथं मी स्वतः उभा राहणार.

आणि काकूंना विचारून खोलीतली जागा पक्की कर. त्या खोलीत खिडकी पलंगाच्या कोणत्या अंगाला आहे ते मला आठवत नाहीये. फोटोत दाराचा उजेड समोरून पण जरा डावीकडून आहे, तर खिडकीपण चित्राच्या डावीकडं येईल अशी भिंत निवड, आणि भिंतीचं माप टेपनं घेऊन कळव, अंदाजपंचे नको.

काकूंना नमस्कार, वहिनींना पण, सईला पापा.

तुझाच,
दत्ता