दुसरी किल्ली

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर ‘ही हौस किती दिवस पुरणार’ असे माझ्या तोंडून गेले आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. स्त्रियांच्या वाचनालयासाठी नोकरी सोडलीस त्याबद्दल मी आता काही लिहिणार नाही. मला विचारायचे होते ते एवढेच, की त्या वाचनालयाची किल्ली तुझ्याखेरीज आणखी कोणाकडे आहे?

केवळ स्त्रियांचे लेखन आणि त्यांची चित्रे, भरतकाम यांसाठी लोकांनी मिळून चालवलेली जागा असावी, हे मला मनापासून पटते. तीस वर्षे ग्रंथालयात सूचीपत्रे लिहिण्यात गेली, त्यामुळे बायकांची पुस्तके कशी हरवतात ते मी जवळून पाहिले आहे. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकाच बाईची तीन नावे. एका नावावरून दुसऱ्या नावाकडे नेणारे, ‘पाहा’ असे लिहिलेले जोडपत्र सूचीत घातले नाही, तर वाचकाला त्या तीन निरनिराळ्या बाया वाटतात. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापले गेले, पुढे लोक ते विसरले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. कोणीतरी एक प्रत जपली, म्हणून हे घडू शकले.

पण जपणारे माणूस एकटे असले की मला धास्ती वाटते. अमेरिकेत मेरी बिअर्ड यांच्यासारख्या विदुषीने १९३५ मध्ये स्त्रियांच्या कागदपत्रांसाठी उभे केलेले केंद्र पैशाअभावी १९४० मध्ये बंद पडले. पॅरिसच्या मार्गरीत द्युराँ यांनी मात्र १९३१ मध्ये स्त्रियांविषयीचा आपला सगळा ग्रंथसंग्रह शहरालाच देऊन टाकला आणि तो आजही वाचकांसाठी खुला आहे. तू आजारी पडलीस, थकलीस, तर कुलूप कोण उघडणार? आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही कोणी दुसऱ्याने कधी भरली आहे का? नोंद क्रमांक पेन्सिलीनेच लिहा, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते, आणि भरतकाम खिडकीसमोर टांगू नका, उन्हाने धाग्यांचे रंग उडतात. पुन्हा मास्तरकी सुरू झाली, माफ कर. हे सगळे तुला माझ्याहून अधिक ठाऊक असणार.

खरे तर आज लिहायला बसलो ते एका वहीमुळे. धाकट्याच्या खोलीतली पेटी आवरताना तुझ्या आजोबांची हिशेबाची वही हाती आली. मुखपृष्ठावर त्यांचे नाव, पहिल्या अकरा पानांवर त्यांचेच आकडे, आणि बाराव्या पानापासून माझ्या आईचे, म्हणजे तुझ्या आजीचे, अक्षर. कविता आहेत, मधल्या ओळी खोडून पुन्हा लिहिलेल्या, आणि समासात पेन्सिलीने काढलेली पाने-फुले. ती रात्री दिव्याखाली बसायची तेव्हा हिशेब लिहिते आहे, असेच आम्हा भावंडांना वाटायचे. वडील गेल्यावर कागदपत्रांची यादी मीच केली होती, ताई, आणि त्या यादीत या वहीपुढे माझ्या हाताने ‘हिशेब’ असे लिहून ठेवले आहे. जन्मभर दुसऱ्यांच्या पुस्तकांची नोंद करणाऱ्या माणसाने आईची वही उघडूनदेखील पाहिली नाही.

ती वही आता तुझ्याकडे राहू दे. पहिली अकरा पाने फाडू नकोस. आजीला कोरा कागद कुठून मिळाला ते त्यांवरूनच कळते. लेखिकेच्या रकान्यात तिचे माहेरचे नाव घालायचे की सासरचे, ते तू ठरव, पण दुसऱ्या नावाचे जोडपत्र घालायला विसरू नकोस. वही घेऊन तुझी आई स्वतः येणार आहे, टपालावर माझा भरवसा नाही. ती परत निघण्यापूर्वी दुसरी किल्ली कोणाकडे दिलीस तेवढे तिला सांगून ठेव.

तुझे,
बाबा