सेझिनकोटच्या पुलाखालून

ऑक्सफर्ड,
जुलै, मंगळवार रात्र

प्रिय विनायक,

तुझं पत्र मिळालं. आजाऱ्यांना लागणाऱ्या वस्तू वापरायला देणाऱ्या तुझ्या रुग्णसाहित्य केंद्राला पैसे मिळावेत म्हणून चौलची सुपारीची वाडी एक दिवस लोकांना उघडायची कल्पना मला पहिल्या वाचनातच पटली. त्यावर दादांचा प्रश्न, ‘आणि संध्याकाळी सुपाऱ्या कोण मोजणार?’, हाही रास्तच आहे. म्हटलं, इथे हा प्रकार शंभर वर्षं चाललाय, तर नुसतं ऐकीव लिहिण्यापेक्षा एखादी बाग बघूनच लिहावं. रविवारी मी, अनघा आणि मुलगी, तिघंही गाडीने सेझिनकोटला जाऊन आलो. इथून वायव्येला, कॉट्सवोल्डच्या टेकड्यांत, मॉर्टन-इन-मार्श या गावाजवळ ही इस्टेट आहे.

आधी तुझ्या कामाचं सांगतो. इंग्लंडमध्ये पूर्वी गरीब आजाऱ्याच्या घरी नर्स जात नसे. १८५९ साली लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको वारली. तिच्या शेवटच्या आजारात मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने तिची सेवा केली होती. पैसेवाल्याच्या घरात नर्स असूनही हे एवढं कठीण, तर खोल्याखोल्यांत राहणाऱ्यांचं काय होत असेल, हे त्याला खुपलं आणि त्याने त्याच बाईला गरिबांच्या वस्तीत पगारावर नेमलं. घरोघर जाणाऱ्या नर्सांची पद्धत तिथून वाढत गेली. पुढे त्यांच्या संस्थेला पैसे कमी पडू लागले, तेव्हा एल्सी वॅग या तिथल्याच समितीवरच्या बाईंनी सुचवलं की एवढ्या सुंदर खासगी बागा पडल्यात, त्या माणशी एक शिलिंग घेऊन उघडायला सांगू. १९२७ साली ६०९ बागा उघडल्या आणि ८,००० पौंडांच्या वर रक्कम जमली. राजाने सँड्रिंगहॅमची बाग उघडली म्हटल्यावर बाकीच्या उमरावांना नाही म्हणायची सोय राहिली नसणार, असा माझा आपला तर्क. १९४८ साली सरकारी आरोग्यसेवा आली आणि त्या नर्सा सरकारकडे गेल्या, तरी बागा उघडायच्या थांबल्या नाहीत. बागा उघडायच्या या योजनेत, म्हणजे नॅशनल गार्डन स्कीममध्ये, आता ३,००० हून जास्त बागा आहेत. त्यांत राजवाडे थोडे आणि घरामागच्या परसबागा जास्त. कर्करोगाच्या रुग्णांकडे जाणाऱ्या नर्सा, हॉस्पिस म्हणजे शेवटच्या आजारातल्यांना सांभाळणाऱ्या संस्था, घरच्या आजाऱ्याची काळजी घेणारे लोक, यांच्यासाठी वर्षाला ३० लाख पौंडांच्या पुढे पैसे जातात.

बाग पुरेशी बघण्यासारखी आहे का, हे ठरवायला त्यांची एक जुनी कसोटी आहे: माणूस तिथे निदान ४५ मिनिटं रमला पाहिजे. तुझ्या वाडीत कोणीही दोन तास रमेल. रहाटाची विहीर, पाटाचं पाणी, पोफळीवर चढवलेले मिरीचे वेल, सुपारी पाडणारा पाडेली चढताना दिसला तर विचारूच नकोस.

आता सेझिनकोट. एरवीही ही बाग ठराविक दिवशी दुपारी तिकीट काढून बघता येते, पण वर्षातला एक रविवार या कामासाठी राखलेला असतो. रस्त्याला पिवळ्या पाट्या, मग झाडीतून जाणारी लांबच लांब खासगी वाट, आणि गाड्या लावायला मेंढरं चरतात ते कुरण. पाऊस होता, पण आपल्याकडे ज्याला पाऊस म्हणतात तो नव्हे. फाटकावर टेबल, टेबलामागे दोन आजीबाई, एकीकडे पत्र्याचा डबा आणि दुसरीकडे कार्डाचं यंत्र. पैसे घेतले, हातात नकाशाचा कागद दिला आणि ‘पुलाखालची दगडं निसरडी आहेत’ एवढंच बजावलं.

वळण संपलं आणि समोर घर आलं. विन्या, तुला काय सांगू! इंग्लंडच्या त्या ओल्या हिरव्या उतारावर कांद्याच्या आकाराचा हिरवट तांब्याचा घुमट, चार कोपऱ्यांना खांबांवरच्या घुमट्या, म्हणजे छत्र्या, खाली रुंद छज्जा. एका बाजूला वळत गेलेली काचेची लांब पडवी, आतमध्ये कुंड्या. माझ्या मुलीने विचारलं, ‘बाबा, इथे राहतात का नमाज पढतात?’ राहतात. आतून मात्र घर अस्सल इंग्रजी थाटाचं आहे असं म्हणतात. त्या दिवशी तिकीट फक्त बागेचं होतं, त्यामुळे आम्ही आत गेलो नाही.

हे घर बांधलं सर चार्ल्स कॉकरेलने, १८०५ च्या आसपास. हा कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला होता आणि तिथल्या एका मोठ्या एजन्सी हाउसमध्ये भागीदारही होता. कंपनीचे साहेब हिंदुस्थानात जे कमवत (कसं कमवत ते तुला वेगळं सांगायला नको), ते सांभाळायचं, व्याजाने फिरवायचं आणि विलायतेला पोचवायचं, हा या पेढ्यांचा धंदा. इस्टेट आधी त्याच्या थोरल्या भावाने घेतली होती, तोही कंपनीच्या फौजेत कर्नल. भाऊ वारल्यावर ती याच्याकडे आली. नकाशे केले तिसऱ्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने, म्हणजे सगळा घरचाच मामला. १८०७ साली इंग्लंडचा युवराज इथे येऊन गेला, आणि पुढे ब्रायटनला त्याचा तो घुमटाघुमटांचा राजवाडा उभा राहिला.

मी खरं तर कपाळाला आठ्या घालूनच गेलो होतो. बंगालच्या पैशावर बांधलेला घुमट बघायचा, वर त्यासाठी खिशातून पैसे द्यायचे. त्या आठ्या अजूनही पूर्ण गेलेल्या नाहीत. पण घरामागच्या ओढ्याशी पोचलो आणि माझं लक्ष दुसरीकडेच गेलं.

ओढा वरच्या एका कुंडातून निघतो. त्या कुंडाच्या माथ्यावर छोटं देऊळ आहे, आत सूर्याची मूर्ती. तिथून पाणी खाली येतं, घराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पुलाखालून वाहतं, आणि पुढच्या तळ्यात तीन फण्यांचा नाग झाडाच्या खोडाला वेटोळं घालून बसलाय. पुलाच्या कठड्यांवर नंदी. चांगले वशिंडाचे, पाय मुडपून बसलेले. देवळात सूर्य, पुलावर नंदी, तळ्यात नाग, घरावर मोगली घुमट. अनघा म्हणाली, ‘मेन्यूकार्डावरचं सगळं एकेक मागवलंय यांनी.’ नंदीसमोर पिंड नाही म्हणून मुलीने जरा शोधाशोध केली. मग एका नंदीच्या पाठीवर हात फिरवून घेतला, आणि शेजारच्या इंग्रज आजोबांनीही तिचं बघून तसंच केलं.

पुलाखालून जाता येतं. पाण्यात पायऱ्यांसारखे दगड टाकलेत, त्यांवरून वाकून, तोल सांभाळत आत शिरायचं. आत शिरलो आणि थांबलोच. पुलाला खाली खांब आहेत, बुटके, जाड, भार उचललाय हे दाखवणारे. हे खांब घारापुरीच्या लेण्यातल्या खांबांवरून घेतलेत! कॉलेजात असताना गेटवेवरून लाँचने गेलो होतो आपण, आठवतं? तू खांबाला पाठ लावून बसलास आणि पहारेकऱ्याने तुला उठवलं. त्या खांबांची नक्कल ग्लॉस्टरशर परगण्यातल्या या ओढ्यात उभी आहे, वरून गाड्या जातात आणि खालून पाणी.

हे झालं कसं, तर बागेतलं देऊळ, पूल वगैरे थॉमस डॅनिएल या चित्रकाराचं काम. हा आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ साली कलकत्त्याला उतरले आणि सात वर्षं देशभर चित्रं काढत हिंडले. परतताना १७९३ मध्ये ते मुंबईला आले आणि घारापुरी पाहिली. लेण्याचं चित्र थॉमसने पुढे छापलंही. मुंबईत त्यांना जेम्स वेल्स हा चित्रकार भेटला. हा वेल्स म्हणजे आपल्या ओळखीचा माणूस: सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं ते प्रसिद्ध तैलचित्र त्याने १७९२ साली पुण्यात केलं. त्याच्याबरोबर पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट काम करायचा, वेरूळच्या लेण्यांची चित्रं या तांबटानेही काढलीत. वेल्स १७९५ साली इकडेच वारला, आणि त्याची वेरूळची चित्रं डॅनिएलांनी १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. दोनच वर्षांनी सेझिनकोटचं काम. पुलाखाली वाकून उभा असताना मला कॉकरेलपेक्षा हा तांबटच जास्त आठवत होता. इंग्रजांनी त्याच्या हातचे कागद जपून ठेवले हे खरं, पण कुठल्या पाटीवर त्याचं नाव दिसत नाही. मागे रांग साचली, एका बाईने ‘सॉरी’ म्हणून मला हलवलं.

फुलापानांचं तुला हवंच असेल, तर ओढ्याच्या दोन्ही काठांना ओलाव्यातली झाडं आहेत, होस्टा, प्रिम्युला, आणि गनेरा नावाचं एक दांडगं झुडूप. त्याचं एक पान छत्री म्हणून धरलं तर आम्ही तिघं त्याखाली मावलो असतो. नावं लक्षात ठेवायचा मला कंटाळा. घराच्या दक्षिणेला मोगली धाटणीची बाग आहे, मधून सरळ पाण्याचा पाट, कारंजं, आणि सरूऐवजी आयरिश यू नावाची झाडं, कारण इथल्या थंडीत सरूचा भरवसा नाही. ती मात्र कॉकरेलची नाही, १९६० च्या दशकात नंतरच्या मालकीणबाईंनी हिंदुस्थान बघून आल्यावर करवून घेतली. नेटकी आहे, पण मला ओढाच आवडला.

चहा तंबूत होता. केक गावातल्या घराघरांतून आलेले, प्रत्येकावर चिठ्ठी: कशाचा, कोणी केला, अक्रोड आहे की नाही. चहा ओतणारी बाई सत्तरीची असावी. गप्पांत कळलं, ती स्वतः तीस वर्षं घरोघर जाणारी नर्स होती. मी तुझ्या केंद्राचं सांगितलं: वॉटरबेड, वॉकर, कमोडची खुर्ची, ऑक्सिजनचं यंत्र, सगळं अनामत घेऊन फुकट वापरायला. तिने पहिला प्रश्न काय विचारला असेल? ‘परत आणून देतात का?’ मी म्हटलं, माणूस गेल्यावर बहुतेक वेळा तेराव्याच्या आत आणून देतात. ती हसली आणि म्हणाली, आमच्याकडे कुबड्या कधीच परत येत नाहीत.

व्यवस्था मी मुद्दाम बघून ठेवली. घराच्या दाराला नुसता दोर, पण कोणी ओलांडत नाही, कारण दोराशी एक माणूस खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला असतो. जायचा मार्ग एकच, बाणांनी दाखवलेला, म्हणजे गर्दी एका जागी साचत नाही. अपघाताचा विमा संस्था काढते, मालकाला त्याची चिंता नाही. रोपांचं टेबल बाहेर पडायच्या वाटेवर, आत नव्हे, म्हणजे लोक हातात कुंड्या घेऊन बाग तुडवत नाहीत. तुझ्याकडे तिथे मिरीची रोपं आणि सोललेली सुपारी ठेव, हातोहात जाईल. आणि चहा-नाश्त्याचे पैसे तिकिटाइतकेच महत्त्वाचे, हे ध्यानात घे. वहिनींच्या हातची पोपटी ठेवलीस तर अलिबागपासून लोक येतील, मात्र मग दिवस थंडीतला धरायला हवा.

दादांना एवढंच सांग: इथे लोक दानधर्म करायला थोडेच येतात? मोठ्या घराच्या भिंतीआड काय आहे ते बघायची खाज असते. मीही त्याच खाजेपायी गेलो. ती जर डब्यात नाणी पाडत असेल तर कुणाचं काय बिघडलं? भीती वाटत असेल तर पहिल्या वर्षी फक्त ओळखीपाळखीच्यांना बोलवा, आणि पाण्याच्या पाटावर फळ्या टाका. शहरातल्या लोकांना पाट उडी मारून ओलांडायची सवय नसते.

एक काम कर माझं. थंडीत मांडव्याहून मुंबईला जाशील तेव्हा सवड काढून घारापुरीला जा आणि मोठ्या लेण्यातल्या एका खांबाचा तळापासून माथ्यापर्यंत फोटो काढून पाठव. मी पुलाखाली काढलाय, पण मागच्या बाईच्या घाईमुळे अर्धाच आलाय, तोही अंधुक. दोन्ही शेजारी ठेवून बघायचेत. शेजारी माणूस उभा कर म्हणजे उंची कळेल, तू स्वतः उभा राहू नकोस, तुझ्या पोटामागे खांब दिसायचा नाही.

काकूंना नमस्कार. केंद्राच्या खात्याचा तपशील पाठव, आम्ही तिघांनी रविवारच्या तिकिटाएवढी रक्कम तुझ्यासाठीही बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
संजय