गोठ्याची खोली करायला किती खेटे?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात शहरातल्या प्लॉटच्या, बिल्डरच्या, अतिक्रमण काढल्याच्या बातम्या रोज असतात, पण खेड्यात माणसाला घरामागे एक खोली वाढवायची असली तर त्याचं काय होतं हे काही छापून येत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबेल, कापायचं तिथे कापा.

मी पांझरेकाठच्या एका खेड्यातला. थोडी शेती आणि बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. दुकानामुळे गावातल्या निम्म्या लोकांची कागदं माझ्या हाताखालून जातात, कुणाचा घर उतारा, कुणाचं वारसाचं प्रतिज्ञापत्र, कुणाचा घरकुलाचा फॉर्म. त्यामुळे मला वाटायचं की बाकी कुणाला नाही तरी आपल्याला तरी सगळं माहीत आहे. ते खोटं ठरलं, आमच्याच गोठ्याने ठरवलं.

तर झालं असं की आमचं घर जुनं, धाब्याचं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे धाबं म्हणजे हायवेवर जेवायचा ढाबा नाही, सागाच्या सऱ्या आणि त्यावर मातीचे थर देऊन केलेलं सपाट छत. दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती, मे महिन्यात बाहेर 44-45 असताना आत गार, पण पावसाळा आला की दरवर्षी वर चढून माती टाका, गवत उपटा, नाहीतर धार लागते. माय सत्त्याहत्तरची, गुडघे गेलेले, संडास अंगणाच्या त्या टोकाला. बैलजोडी विकली त्याला आता सहा वर्षं झाली, गोठा रिकामाच, त्यात तुराट्या आणि मोडकी पांभर पडलेली. गोठा आहे 12 बाय 18 चा. म्हटलं याचीच मायसाठी खोली करू, लागूनच संडास-बाथरूम, पुढे ओटा. एवढंच.

फाल्गुनात विचार केला की आत्ता अर्ज देऊ, आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की काम सुरू करू, मिरगाच्या आत वर पत्रे तरी चढतील. ग्रामपंचायतीत गेलो. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय म्हणे, पण गाव भाऊसाहेबच म्हणतं) चांगला माणूस आहे, त्याच्याकडे दोन गावांचा चार्ज, आठवड्यातून दोन-तीन दिवस सापडतो. तो म्हणाला नगररचनाची परमिशन आणा. मी म्हटलं गोठ्याला? तो म्हणाला गोठ्याला नाही, खोलीला. घरी येऊन मायला सांगितलं तर ती म्हणे, "आपलाच गोठाले आपलीच परवानगी पुरत नही का रे भाऊ?"

हसू आलं तेव्हा. मग जिल्ह्याला एका प्लॅन काढणाऱ्याकडे गेलो, त्याने फी सांगितली ती ऐकून पत्र्याची आणि सिमेंटची किंमत मनातल्या मनात वजा करून बघितली, खोलीच उरेना. शिवाय त्याने काँप्युटरवर जो प्लॅन काढून दाखवला त्यात आमचा गोठा एकदम चौकोनी, काटकोनात! आमच्या गल्लीत एक भिंत सरळ नाही साहेब. एका बाजूने 18 तर दुसऱ्या बाजूने 16 भरतो. त्याला म्हटलं तर म्हणे चालतं हो, कोण बघायला येतंय.

आणि इथेच मला राग आला, कारण नंतर कळलं की हा नगररचनेचा फेरा मुळात गरजेचाच नव्हता. राज्यात डिसेंबर 2020 पासून बांधकामाचे एकत्रित नियम लागू आहेत, मुंबई आणि काही भाग सोडले तर सगळीकडे तेच. आणि 2021 साली ग्रामविकास खात्याने खेड्यांसाठी जाहीर केलं होतं की 3200 चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला नगररचनाकाराची परवानगी लागणार नाही. 1600 फुटांपर्यंत असेल तर मालकीचा कागद, मोजणीचा नकाशा, घराचा प्लॅन, तो नियमात बसतो असं आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरचं सर्टिफिकेट आणि शुल्क भरल्याच्या पावत्या ग्रामपंचायतीत द्यायच्या आणि काम सुरू करायचं. 1600 ते 3200 असेल तर तीच कागदं द्यायची, ग्रामपंचायतीने 10 दिवसांत शुल्क किती ते सांगायचं, ते भरलं की परवाना. आमची खोली 216 फूट!! हे मला कुणी सांगितलं तर सुरतेला असलेल्या भावाच्या पोराने, मोबाईलवर जुनी बातमी शोधून. भाऊसाहेबाला दाखवली, त्याने शांतपणे वाचली आणि म्हणाला, हो असं आहे खरं, पण आम्हाला जबाबदारी नको वाटते, उद्या कुणी तक्रार केली तर. त्याचंही चुकतं असं नाही म्हणवत. पण मग नियम कुणासाठी केला?

बरं ते झालं. खरा गुंता पुढेच होता आणि तो आहे "मालकीचा कागद" या दोन शब्दांत.

गावठाणात सातबारा नसतो हे शहरातल्या लोकांना माहीत नसतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच कागद, नमुना 8 चा घर उतारा. आणि तो मालकीचा पुरावा नाहीच, तो घरपट्टीच्या आकारणीचा उतारा, पट्टी कुणाच्या नावाने भरायची एवढंच त्यात. तरी सगळं गाव त्यालाच मालकी समजून चालतं, लग्नाची स्थळंसुद्धा त्यावर ठरतात. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. आजोबा 1987 ला वारले. मधे काका-बाबांच्या वाटण्या झाल्या त्या पंचांसमोर, तोंडी, साध्या कागदावर, तो कागद मोठ्या काकांच्या पेटीत होता आणि ती पेटी कुठे आहे ते काकूला विचारायला पाहिजे.

मग स्वामित्व योजना आली. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने काढली, ड्रोनने गावठाणाचा नकाशा करायचा आणि प्रत्येक घराला प्रॉपर्टी कार्ड. योजना चांगलीच आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्या गावात ड्रोन यायच्या आदल्या दिवशी दवंडी दिली की आपापल्या जागेच्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारून ठेवा. मी मारल्या, आडव्या-उभ्या, पट्टीसारख्या सरळ. सकाळी मायने उठून सवयीने अंगण झाडलं, शेणाचा सडा टाकला, सारवून घेतलं, रेघा गेल्या. मी परत मारेस्तोवर ते यंत्र डोक्यावरून गुणगुणत निघूनही गेलं. पोरं मागे पळत होती.

आता रेघांमुळेच झालं की आणखी कशाने देव जाणे, पण गोठ्याचा पत्रा आणि शेजारच्या जिभाऊंच्या पडवीचा पत्रा एकमेकांवर चढलेला, वरून बघणाऱ्याला एकच छप्पर दिसणार. कार्ड आलं तेव्हा अर्धा गोठा जिभाऊंच्या नकाशात. जिभाऊ बिचारे स्वतः म्हणतात तो तुमचाच आहे, माझ्या लहानपणापासून तुमचेच बैल तिथे बघतोय, सही लागेल तिथे करतो. पण त्यांच्या एकट्याची सही चालत नाही, त्यांच्या घरातही चार वाटेकरी. आणि आमच्याकडे आजोबांचे वारस मोजले तर सतरा. आत्या तीन, त्यातली एक वारली, तिची पोरं वापीला. चुलतभाऊ सुरतेच्या उधन्याला साडीच्या कारखान्यात, सुटी टाकली की त्या दिवसाची रोजी बुडते. या सतरा जणांना एका गोठ्यासाठी एका दिवशी तालुक्याला उभं करणं म्हणजे लग्नाची तिथी काढण्यापेक्षा अवघड. लग्नाला निदान जेवण असतं.

दुरुस्तीचा अर्ज दिला. "चौकशी लावू" एवढं उत्तर मिळालं. पोच मागितली तर म्हणाले नंतर या. दोनदा गेलो, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर डाऊन. लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून राज्यात आहे, नाही म्हणायचं तर कारण देऊन लेखी म्हणा असं त्याचं सांगणं आहे, पण समोर लेखी मागितलं की चेहरा असा होतो जसं काही मी शिवी दिली.

मधल्या काळात मी एक चूक केली ती पण लिहितो, लपवण्यात अर्थ नाही. आखाजी झाली, गवंडी मोकळा होता, नंतर तो मिळणार नाही म्हणाला, म्हणून गोठ्याची मागची भिंत पाडून घेतली. परमिशनच्या आधीच. वाटलं होईल आठ दिवसांत. गवंड्याने पाया खणायला घेतला आणि मला अडवून म्हणाला, भाऊ ही काळी माती आहे, उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते, नवी भिंत जुन्या भिंतीला चिकटवून बांधली तर दोन वर्षांत मधोमध तडा. जुनी मातीची भिंत तिच्या जागी बसलेली असते, नवीन विटांची अजून बसायची असते. त्यावर स्लॅब टाकायचं तर विचारच सोडा, तो भार मातीची भिंत पेलत नाही. पाया खोल घ्या, काळी माती काढून खाली मुरूम भरा, कॉलम वेगळे उभे करा, जुन्या-नव्याच्या मधे फट ठेवा. हे बोलणारा माणूस सातवी शिकलेला. आणि इकडे चौकोनी प्लॅन काढून देणारा म्हणतो कोण बघायला येतंय! परमिशन या गोष्टीला माझा विरोध नाही साहेब, उलट परमिशनच्या निमित्ताने कुणी एक जाणता माणूस गल्लीत येऊन माती बघणार असेल, पन्हाळाचं पाणी कुणाच्या अंगणात पडेल ते बघणार असेल, तर मी चहा पाजून फी देईन. पावसाळ्यात जुन्या भिंती पडून माणसं दगावतात ते आपण दरवर्षी वाचतोच. पण तसं बघायला कुणी येत नाही, फक्त कागद बघतात.

हे माझ्या एकट्याचं असतं तर पत्र लिहिलं नसतं. दुकानात बसून बघतो ना, घरकुल मिळालेल्या माणसाचं घर किमान 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 फूट. पोराचं लग्न झालं की तो एक खोली वाढवणारच, दुसरं काय करेल? कुणी गोठ्याचं किराणा दुकान केलं, कुणी कांदाचाळीच्या अर्ध्या भागात पीठगिरणी टाकली, कुणी गावठाणाबाहेर शेताच्या कडेला दोन खोल्या. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल कायद्यात 42-ड कलम आणलं होतं, कर भरून ती रहिवासासाठी बिनशेती (एनए) करून घेता येत होती, पण गावात दहा जणांना विचारा, नऊ जणांनी एनएसाठी एजंटच गाठला. ही सगळी बांधकामं कागदावर बेकायदा, आणि करणारे सगळे साधे लोक. मग कर्ज मागायला गेले की बँक म्हणते मंजूर प्लॅन आणा, आणि तिथे सगळे अडकतात. व्याजाने पैसे काढून बांधतात मग.

माझं मागणं फार नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर पाणीपट्टीच्या थकबाकीदारांची नावं मोठ्या अक्षरात लावता येतात, तिथेच शेजारी लावा की किती फुटांपर्यंत काय लागतं, किती दिवसांत, फी किती, सर्टिफिकेट कुणाचं चालतं. साध्या मराठीत, पीडीएफमध्ये नाही. आणि प्रॉपर्टी कार्ड वाटायचे फोटो काढून झाले असतील तर आता दुरुस्तीसाठी आणि वारस नोंदीसाठी ते लोक गावात येऊन दोन दिवस बसू देत. पण कधी बसायचं तेही सांगतो, कानबाईच्या (आमच्या खानदेशातल्या देवीच्या) उत्सवाच्या वेळी. श्रावणात त्या रविवारी आमच्याकडे सुरत, वापी, नाशिक, पुणे सगळीकडून माणसं गावात येतात, रोट असतात, भाऊबंदकी एका ओट्यावर बसलेली असते. सतरा वारस एका जागी सापडायचा वर्षातला हा एकच दिवस. कोणत्याही खात्याला याहून चांगला मुहूर्त काढून देता यायचा नाही. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय लेखी देणार आहे, पोच घेऊन.

सध्या गोठ्याची मागची बाजू उघडी आहे, वर निळी ताडपत्री बांधलीय, वारा सुटला की रात्रभर फडफडते आणि माय झोपत नाही. गवंडी दुसऱ्या गावी कामाला लागला. कानबाईला आमच्याकडे या वर्षी एकोणीस माणसं आहेत, त्यातली सात-आठ तरी त्या ताडपत्रीखाली झोपतील. काकूला फोन केलाय, येताना पेटीची किल्ली घेऊन ये म्हणून.

आपला,
एक वाचक, धुळे जिल्हा
(नाव कृपया छापू नका, अर्ज अजून टेबलावर आहे)