चिऊ, तुझ्याजवळ कोण आहे?

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

परवा तू तणतणत निघालीस आणि रे ब्रॅडबरीचं ‘फॅरनहाइट ४५१’ कॉटवरच राहिलं. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा दिसल्या म्हणून वाचायला घेतलं. इंग्रजीमुळे वेळ लागला, पण संपवलं.

जन्म अग्निशमन दलात काढलेल्या माणसाला ते जड जातं गं. १९४४ साली मुंबईच्या गोदीच्या आगीत गेलेल्या आमच्या जवानांसाठी दर १४ एप्रिलला मी मान खाली घालून उभा राहिलोय. आणि या कादंबरीतला गाय माँटॅग, तोही बंबवालाच, पण त्याचं काम पुस्तकं जाळायचं, त्याच्या होजमधून रॉकेल येतं! दहा वर्षं तो मजेत पुस्तकं जाळतो. मग ती म्हातारी. घर सोडत नाही, स्वतःच काडी ओढते, पुस्तकांसकट जळते. दुसऱ्या दिवशी माँटॅगच्या अंगात कणकण, उलट्या, कामावर जाववत नाही. तिथे मला तूच दिसलीस. कर्ज थकलेल्या त्या सोयाबीनवाल्याची बायको तुझ्याशी बोलताना फोनवर रडली, त्या रात्री आई तुझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. वसुलीच्या त्या नोकरीचा विषय आता काढत नाही. माँटॅगला दहा वर्षं लागली, तुला फार लवकर कळलं, याचा अभिमान आहे मला.

पण तुझ्याजवळ कोण आहे? माँटॅग काही आपला आपण बदलला नाही. आधी ती सतरा वर्षांची क्लॅरिस, सुखी आहेस का म्हणून विचारणारी. मग फेबर, म्हातारा, भित्रा प्राध्यापक, पण कानातल्या यंत्रातून त्याच्याशी बोलत राहिला. घरचीच बायको परकी निघाली, कानात शिंपल्यांसारखे रेडिओ घालून भिंतींवरच्या पडद्यांत बुडालेली, आणि त्याने घरात पुस्तकं लपवल्याची तक्रारही तिनेच केली. आपलं घर तुला तसं वाटलं असेल का, या विचाराने झोप येत नाही.

पीएफ एवढ्यात काढू नकोस. भाडं थकवू नकोस. रात्री नुसत्या चहावर झोपू नकोस. बघ, लागलो उपदेशाला, रागावू नकोस. धुरात आम्ही एकट्या माणसाला कधी सोडत नाही, जोडीनेच आत जायचं. लहानपणी तू माझं हेल्मेट घालून अंगणात फिरायचीस आणि आईला म्हणायचीस, तू माझी जोडीदार. पदर धरून तिला स्वयंपाकघरात ओढायचीस, बादली तिच्या हातात द्यायचीस. भाजी करपायची.

नदीपलीकडे माँटॅगला ते लोक भेटतात ना, एकेक पुस्तक पाठ केलेले? त्यांची शेकोटी त्याला लांबून दिसते. ही आग जाळत नाही, ऊब देते, हे त्याला पहिल्यांदा कळतं. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. तिथे त्याला कॉफी देतात, जवळ बसवून घेतात.

आईने डिंकाचे लाडू केलेत. शनिवारी पुस्तक आणि डबा घेऊन येतो, नको म्हणू नकोस. आणि खोलीत तुझ्याबरोबर कोण राहतं, तिचं नाव नि नंबर आजच कळव.

तुझे,
बाबा