चकाचक करायच्या नादात गाडीचा ओरिजिनल पेंट घालवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसरा-दिवाळी आली की आपल्या पेपरात नव्या गाड्यांच्या जाहिराती पानं भरून असतात, मायलेज किती, एअरबॅग किती, हप्ता कितीचा बसतोय सगळं छापून येतंय, पण ती गाडी घरी आल्यावर तिच्या पेंटची काळजी कशी घ्यायची आणि काय अजिबात करायचं नाही यावर चार ओळी कुठं वाचायला मिळत नाहीत, म्हणून हे पत्र लिहितोय. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, रोज हातात स्प्रे गन आणि समोर एमएच-09 च्या गाड्या, आणि जे बघायला मिळतंय त्याचं खरंच वाईट वाटतं. आपल्याकडं गाडीचा पेंट उन्हापावसानं जेवढा खराब होत नाही तेवढा तो पुसून आणि घासून होतोय. लोक पैसे मोजून स्वतःच्या गाडीचा पेंट काढून घेतात, आणि वर गाडी चमकली म्हणून खूश होऊन जातात.

आधी हा पेंट असतो किती ते सांगतो, कारण तेच कुणी सांगत नाही. पत्र्यावर पहिला थर गंज रोखणारा, त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून बहुतेक गाड्यांवर 100 ते 150 मायक्रॉन भरतात, काही गाड्यांवर त्याच्याही खाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर कोट फक्त 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे हा पेपर तुमच्या हातात आहे ना, त्याच्या एका पानापेक्षाही पातळ. गाडीची सगळी चमक त्या क्लिअरमध्ये आहे, ऊन अडवणारं केमिकलसुद्धा त्यातच असतंय, खालच्या रंगात नाही. तो थर संपला की छत आणि बोनेट पांढुरकं पडायला लागतं, मग पोपडे सुटतात, आणि त्यावर जगातलं कुठलंही पॉलिश चालत नाही, पूर्ण पॅनल पेंट करणं एवढाच मार्ग उरतो.

आता रबिंग म्हणजे काय, तर कंपाउंड म्हणजे घासून कापणारी पेस्ट लावून मशीनवर लोकरीचा पॅड फिरवायचा आणि ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कापून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा. ओरखडा भरत नाही, बाकीची जमीन खाली उतरवली जाते. जोरात कटिंग केलं की तीन-चार मायक्रॉन सहज जातात, आणि पॅनलच्या कडेला, दाराच्या त्या धारदार लाइनवर तर अजून जास्त, कारण तिथं पेंट मुळातच पातळ बसलेला असतोय आणि पॅड तिथंच तापतो. एकदा-दोनदा नीट माणसानं केलं तर गाडी सोसते. पण दर सर्व्हिसिंगला बिलात रबिंग-पॉलिशची एक ओळ घालायची, गिऱ्हाइकानं विचारलं तर 'पॅकेजमध्येच आहे साहेब' म्हणायचं, वॉशिंग सेंटरवर दिवाळी ऑफर म्हणून परत तेच, असं पाच-सहा वर्षं चाललं तर राहणार काय? त्यात बऱ्याच स्वस्त पॉलिशमध्ये तेल आणि फिलर असतंय, ते ओरखडे तात्पुरते भरून टाकतं, दोन-चार वेळा गाडी धुतली की सगळे ओरखडे जागच्या जागी परत हजर, मग मालक म्हणतो परत रबिंग मारा.

परवाचीच गोष्ट सांगतो. एक सिल्व्हर गाडी आली, एकहाती, रिटायर्ड काकांची, कुठं ठोकलेली नाही, सर्व्हिस रेकॉर्ड पहिल्यापासून पूर्ण. विकायची म्हणून बोनेटचं तेवढं बघा म्हणाले. पेंटची जाडी मोजायचं एक छोटं गेज असतंय, पत्र्याला टेकवलं की आकडा दाखवतं. छतावर 121 आला, मागच्या दारावर 117, डिकीवर 119, आणि बोनेटच्या मधोमध 84, पुढच्या कडेला 76. म्हणजे बोनेटवरचा क्लिअर जवळजवळ गेलेला. काकांनी ना कधी गाडी धडकवली ना उन्हात सोडली, फक्त दर सर्व्हिसला सांगितलं तसं रबिंग करून घेतलं. घ्यायला आलेल्या माणसानं बोनेट पेंटला येणार म्हणून तिथंच भाव पाडला.

आणि पेंट करून प्रश्न सुटत नाही हे लोकांच्या लक्षात येत नाही. बोनेट पेंट केलं की गेजवर आकडा 200 च्या वर जातोय, मग पुढचा घेणारा म्हणणार पॅनल रिपेंट आहे, पुढून ठोकलीय, खरं सांगा. लांबी म्हणजे खड्डा भरायची पुट्टी भरली असली तर आकडा हजाराच्या पुढं. आता जुन्या गाडीच्या बाजारात गेज न लावता कोण बोलत नाही. किलोमीटर, मॉडेल, किती हातांची गाडी, सर्व्हिस रेकॉर्ड यांच्या जोडीला 'पेंट ओरिजिनल आहे का' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतोच. मी स्वतः पेंटर असून सांगतोय, कंपनीच्या पेंटसारखा पेंट आम्हाला देता येत नाही. कंपनीत रिकाम्या बॉडीला पेंट मारून साधारण 140 डिग्रीला भाजतात, तेव्हा आत ना वायरिंग असतंय ना रबर ना डॅशबोर्ड. आमच्या बूथमध्ये पूर्ण गाडी उभी असते, 60 डिग्रीच्या आसपासच थांबावं लागतं. काम कितीही मन लावून केलं तरी तो पक्केपणा येत नाही, म्हणून जो आहे तो जपायचा.

आपल्या भागात एक गोष्ट वेगळी आहे ती सांगायला पाहिजे. गळीत हंगाम सुरू झाला की नोव्हेंबरपासून पुढं सकाळी उठून बघावं तर गाडीवर काळी काजळी पडलेली. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅस म्हणजे रस काढलेलं उसाचं चिपाड जळतंय त्याची ती राख, आणि शेतात पाचट पेटवतात त्याची वेगळी. हाताला मऊ लागते म्हणून लोक सरळ कोरडं फडकं मारतात. बगॅसच्या राखेत सिलिका भरपूर असतंय, म्हणजे वाळूचाच प्रकार. कोरडं फडकं फिरवलं की बारीक पॉलिश पेपर मारल्यासारखं होतंय, आणि रात्री मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरून बघा, उजेडाभोवती गोल गोल जाळी दिसेल, ती सगळी त्या फडक्याची देणगी. अपार्टमेंटमध्ये महिन्याच्या पैशांवर गाडी पुसायला जो माणूस येतोय त्याचा दोष नाही, त्याला एका बादलीत आणि एका फडक्यात अख्ख्या पार्किंगच्या गाड्या उरकायच्या असतात, पण पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीपर्यंत जाते हे सोसायटीनं तरी बघावं. नुसत्या धुळीनं गाडीचं काही बिघडत नाही, पाणी मिळेपर्यंत राहू दे तशीच. कारखान्यांनी काजळी चिमणीतच रोखली पाहिजे हे आहेच, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

शिरोली, गोकुळ शिरगावला नोकरीला जाणाऱ्यांचा त्रास अजून वेगळा. फौंड्रीत ग्राइंडिंग होतंय तिथला लोखंडाचा बारीक कण उडून गाडीवर बसतो, दवानं गंजतो, आणि पांढऱ्या गाडीवर नारंगी ठिपके दिसायला लागतात. मालकाला वाटतं पत्रा आतून गंजला, आणि तो घाबरून रबिंगला आणतो. रबिंग करायची गरजच नाही. आयर्न रिमूव्हर म्हणून लिक्विड मिळतंय, सावलीत थंड पत्र्यावर मारायचं, दोन-तीन मिनिटांत त्या ठिपक्यांपाशी जांभळे ओघळ यायला लागतात, तो लोखंड विरघळल्याचा रंग, मग पाण्याच्या प्रेशरनं धुऊन टाकायचं. वाळू द्यायचं नाही एवढंच. तेच जोतिबाला नवी गाडी पूजेला नेली की गुलालाचं, यात्रेत तर गाडी गुलाबीच होऊन येते, आनंदाचा दिवस असतोय, पण घरी येऊन आधी पाणी मारून गुलाल उडवा, हातानं झटकू नका आणि ओल्या फडक्यानं चोळू तर अजिबात नका, रबर आणि काळ्या प्लास्टिकमध्ये रंग मुरला की निघता निघत नाही.

पक्ष्याची विष्ठा सगळ्यात वाईट. रंकाळ्यावर झाडाखाली सावली बघून गाडी लावतात, संध्याकाळी बघतात तर छतभर ठिपके, आणि म्हणतात रविवारी धुऊ. उन्हानं पत्रा तापला की ती क्लिअरमध्ये खड्डा पाडते, रविवारपर्यंत डाग पक्का झालेला असतोय. एक टिश्यू किंवा फडकं पाण्यात भिजवून त्यावर पाच मिनिटं ठेवा, मऊ झालं की वरच्या वर उचलून घ्या, घासायचं नाही. एवढी एक सवय लागली तरी निम्मे डाग आमच्याकडं येणार नाहीत. धुण्याचं म्हणाल तर सावलीत, आधी भरपूर पाणी, मग कार शॅम्पू, दोन बादल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत नुसता कपडा खंगाळायला साधं पाणी, वरून खाली यायचं, चाकाचा कपडा वेगळा. निरमा नको आणि भांड्याचा साबण पण नको, त्यानं वॅक्स निघून जातंय. बोअरचं पाणी असेल तर अंगावर सुकू द्यायचं नाही, पांढरे क्षार चिकटतात. आणि पावसाळ्यात ओल्या गाडीवर बॉडी कव्हर टाकून ठेवणं बंद करा, आत दमटपणा राहतोय आणि वाऱ्यानं कव्हर फडफडून कडा घासतात.

आता कोटिंग. नवी गाडी घेताना शोरूममध्ये टेफ्लॉन नाहीतर सिरॅमिक गळ्यात मारतातच, काही ठिकाणी तर बिलात धरूनच ठेवलेलं असतंय. टेफ्लॉन तव्यावर पक्कं बसतं कारण ते तीनशे डिग्रीच्या वर तापवून बसवतात, गाडीच्या पत्र्यावर हातानं पुसून लावलेलं तसं बसणार कसं? ते चांगल्या वॅक्सएवढं काम करतं आणि काही महिन्यांत जातं. सिरॅमिक चांगली वस्तू आहे, पाणी घसरतं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं, पण त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचाच असतोय. आणि ते जे 9एच 9एच सांगतात ना, ती पेन्सिलीच्या शिशाच्या कठीणपणाची मोजणी आहे, किल्लीनं मारलेला ओरखडा आणि हायवेवर पुढच्या डंपरमधून उडालेला खडा त्यानं थांबत नाही. खडा थांबवायचा तर पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची, दीडशे-दोनशे मायक्रॉनची, महाग आहे, पण ज्यांचं पुणे-बेंगळुरू हायवेवर रोजचं जाणं-येणं आहे त्यांनी सगळ्या गाडीला न लावता फक्त बोनेट, पुढचा बंपर आणि आरशांना लावली तरी चालतंय. फक्त स्वस्तातली पीव्हीसी घेऊ नका, पिवळी पडते आणि काढताना त्रास देते. हा खर्च गाडी विकताना जसाच्या तसा वसूल होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, घेणारा कोटिंगचे पैसे वेगळे देत नाही, तो खालच्या चांगल्या पेंटचे देतो.

मला सगळ्यात जास्त खटकतंय ते वेगळंच. कोटिंगच्या आधी पेंट करेक्शन, म्हणजे ओरखडे घालवायचं काम, म्हणून कोऱ्या गाडीवर कटिंग मारतात. गाडी आठ दिवसांची, एक ओरखडा नाही, तरी ठरलेलं म्हणून मशीन फिरवायचं. कोऱ्या गाडीला नीट धुऊन, फार तर हलकं फिनिशिंग करून कोटिंग लावता येतंय. कटिंग करायचं असेल तर कारण विचारा, दाखवा म्हणा.

विकायच्या वेळी पण लोक उलटं करतात. बारीक ओरखडे दिसू नयेत म्हणून अख्खं दार पेंट करून आणतात. अहो ओरखडा असलेलं ओरिजिनल दार हे पेंट केलेल्या दारापेक्षा जास्त भाव देतं, घेणाऱ्याला ओरखडा दिसतोय, पेंटखाली काय आहे ते दिसत नाही. पत्रा उघडा पडला असेल तेवढ्याला कलर कोडप्रमाणं टचअप लावा, कोड बहुतेक गाड्यांत दाराच्या खांबावर किंवा बोनेटखाली पट्टीवर असतोय. पेंट न फुटलेला डेंट आतून उचलता येतो, त्याला पेंटची गरज नसते. बारक्या कामासाठी इन्शुरन्सचा क्लेम टाकताना पण विचार करा, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, 20 टक्क्यांपासून वाढत 50 पर्यंत जातोय आणि एका बंपरच्या क्लेमनं तो जातो. आणि जुनी गाडी घेणाऱ्यांना एकच सांगणं, नुसत्या चमकेवर जाऊ नका, 2019 आणि 2021 च्या महापुरात बुडालेल्या गाड्यासुद्धा पॉलिश करून आरशासारख्या केल्या जातात, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा, चिखलाची रेघ तिथं लपत नाही.

माझी मागणी साधी आहे. रबिंग किंवा कटिंग करण्याआधी गेज लावून गिऱ्हाइकाला आकडे दाखवावेत आणि आधीचे-नंतरचे आकडे बिलावर लिहून द्यावेत, मग ते मोठं शोरूम असो नाहीतर आमच्यासारखं गल्लीतलं गॅरेज. दोन मिनिटांचं काम आहे, त्याला वेगळा खर्च नाही. आमच्या लाइनमधल्या काही जणांना हे पत्र आवडणार नाही, पण गिऱ्हाइकाला माहीतच नसेल तर तो नाही तरी कसा म्हणणार? तोपर्यंत ज्यांची गाडी आहे त्यांनी पुढच्या वेळी वॉशिंगला किंवा सर्व्हिसिंगला गेल्यावर गेज मागावं, छत, बोनेट आणि चारी दारं मोजून घ्यावीत, बंपर प्लास्टिकचे असल्यामुळं साध्या गेजवर येत नाहीत ते सोडून द्या, आणि ते आकडे तारीख टाकून आरसी आणि इन्शुरन्सच्या फायलीत ठेवावेत.

आपला,
एक पेंटर,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर